‘फक्त स्पेलिंग’ सुधारणारी एक पुल रिक्वेस्ट: प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खरं आहे. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझे हे बदल तुमच्या प्रकल्पात घ्या’ अशी विनंती. प्रकल्पाचं नाव, माणसांची नावं आणि कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी या प्रकल्पाच्या मराठी भाषांतराचं काम पाहत होते, त्यामुळे बाजू थोडी भाषांतरकारांकडे झुकलेली वाटली तर ती तशी आहेच.

## पार्श्वभूमी

वेब सर्व्हरच्या लॉग फायली वाचून ‘कोण आलं, कुठून आलं, काय पाहिलं’ याचे अहवाल काढणारं हे एक मध्यम आकाराचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. कोड पायथन या भाषेतला, डॉक्युमेंटेशन स्फिंक्सवर (मजकुरातून वेबपानं बांधणारं साधन), भाषांतरं गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाच्या पीओ फायलींमध्ये, म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली भाषांतर अशा जोड्यांच्या फायलींमध्ये. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, तिघं; तिघंही आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करणारे.

डॉक्युमेंटेशन अनेक वर्षांत अनेकांनी लिहिलेलं, आणि त्यातल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्यामुळे नेहमीच्या यशस्वी चुका सगळ्या होत्या: ‘रिसीव्ह’मधले ‘ई’ आणि ‘आय’ उलटे, ‘ऑकर्ड’मध्ये एकच ‘आर’, ‘सेपरेट’मध्ये मधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’. अर्थ कुठे अडत नव्हता, म्हणून कुणी हात लावला नव्हता.

स्पेलिंग सुधारणं हे ओपन सोर्समध्ये हलकं काम मानलं जातं, पण ते काही पोरखेळ नाही. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडमध्ये नेहमीच्या चुकांची एक यादी कायमची ठेवलेली आहे. ती मुळात डेबियन या लिनक्स वितरणाच्या लिंटियन या तपासणी साधनातून आली, आणि कर्नलला पाठवायचा बदल (पॅच) तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट ती वापरते. कोडस्पेल हे साधन तर याच कामासाठी आहे. ते शब्दकोशातला प्रत्येक शब्द ताडून पाहत नाही, फक्त माहीत असलेल्या चुका शोधतं. म्हणून कोडमध्येही ते बऱ्यापैकी निमूट चालतं.

दुसरी पार्श्वभूमी ऑक्टोबर महिन्याची. हॅक्टोबरफेस्ट २०१४ पासून सुरू आहे: ऑक्टोबरात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असं त्याचं स्वरूप होतं. २०२० मध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांतच निरर्थक पुल रिक्वेस्टचा असा लोंढा आला की मेंटेनर वैतागले. रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, एखादं विशेषण घुसडायचं, एखादा स्वल्पविराम हलवायचा, झालं. भारतातल्या एका यूट्यूब वाहिनीवरच्या व्हिडिओची त्यात बरीच चर्चा झाली, आणि त्यानंतर काही काळ भारतीय नावाच्या नवख्या माणसाकडे लोक जरा वाकड्या नजरेने पाहत, हे मान्य करायला हवं. आयोजकांनी ३ ऑक्टोबरला नियम बदलला: ज्या प्रकल्पांची स्वतःहून तयारी असेल तेवढेच मोजले जातील.

२०२१ मध्ये आमच्या एका मेंटेनरने तशी तयारी दाखवली होती. माणसं हवी होती, म्हणून.

## पुल रिक्वेस्ट

महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने ती पाठवली. शीर्षक ‘टायपो सुधारले’, एवढंच. साठेक फायली, तीनशेच्या आसपास ओळी. त्याने कोडसकट कोडस्पेल चालवून सगळ्या दुरुस्त्या एका दमात लिहून घेतल्या होत्या, आणि मग संपूर्ण डॉक्युमेंटेशन स्वतः वाचून साधनाच्या नजरेतून सुटलेल्या चुकाही हाताने काढल्या होत्या. भाषांतरांच्या फोल्डरला त्याने हात लावला नव्हता. दुसऱ्या भाषांना आपण धक्का लावू नये, असा त्याचा विचार. टी-शर्टसाठी मोजून चार पुल रिक्वेस्ट टाकणाऱ्याने एवढं केलं नसतं.

मेंटेनरने पहिल्या चार-पाच फायली पाहिल्या. सगळ्या दुरुस्त्या बरोबर. स्वयंचलित चाचण्या हिरव्या. शितावरून भाताची परीक्षा झाली आणि त्याच दुपारी बदल मुख्य शाखेत गेला. सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

चाचण्या हिरव्या असणं इथे काहीच सांगत नव्हतं. डॉक्युमेंटेशन बांधताना स्फिंक्स पानं तयार होतात का ते पाहतं. पानावरचा कोडचा नमुना चालतो का, बाहेरून त्या पानाकडे येणारा दुवा जिवंत आहे का, हे ते पाहत नाही.

## अडचणी कशा उघड झाल्या

पहिली तक्रार एका वापरकर्त्याची. नवीन सर्व्हर उभा केल्यापासून अहवालात सगळे पाहुणे ‘थेट आलेले’ दिसतात. सर्च इंजिनातून एकही नाही, दुसऱ्या साइटवरून एकही नाही.

त्याने सर्व्हरची मांडणी आमच्या पानावरून जशीच्या तशी उचलली होती. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये पाहुणा कुठून आला हे नोंदवण्यासाठी एक चल (व्हेरिएबल) लिहावा लागतो: ‘एचटीटीपी’, अंडरस्कोर आणि पुढे ‘रेफरर’. या रेफररच्या स्पेलिंगमध्ये मधे एकच ‘आर’ असतो. इंग्रजी शब्द म्हणून ते चूक आहे, पण एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या, मानकात ते तसंच आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या तांत्रिक दस्तऐवजात ते चुकीच्या स्पेलिंगसह छापलं गेलं, तोवर सर्व्हर आणि ब्राउझर तेच वापरायला लागले होते, आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही ते तसंच ठेवलेलं आहे. गोंधळात भर म्हणजे, पुढे आलेल्या रेफरर-पॉलिसी या हेडरमध्ये (हेडर म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या संदेशासोबत जाणारी माहितीची ओळ) दोन ‘आर’ आहेत आणि जावास्क्रिप्टमधल्या डॉक्युमेंटच्या रेफररमध्येही दोनच. त्यामुळे ‘सगळीकडे एक’ किंवा ‘सगळीकडे दोन’ असा सोपा नियम करता येत नाही.

विद्यार्थ्याने हाताने केलेल्या दुरुस्त्यांमध्ये तिथे दुसरा ‘आर’ घातला गेला होता. आता खरी गंमत अशी की एनजिनएक्स याला हरकत घेत नाही. ‘एचटीटीपी अंडरस्कोर’च्या पुढे कुठल्याही हेडरचं नाव चालतं. मांडणी तपासायची आज्ञा दिली तर ‘सगळं ठीक’ असंच उत्तर येतं. ब्राउझर त्या नावाचं हेडर पाठवतच नाही, म्हणून लॉगमध्ये त्या जागी मुकाट्याने एक डॅश पडत राहतो. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या नमुन्यातही हेच झालं होतं. प्रोग्रॅम मोडला असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं. इथे नोंदी चालू होत्या, फक्त त्यांतली एक जागा रिकामी होती, आणि गेलेली माहिती परत मिळणार नव्हती.

दुसरी अडचण माझ्याकडे आली. नवीन आवृत्ती निघाली आणि मराठी पडद्यावर मधूनच इंग्रजी वाक्यं दिसू लागली. भाषांतर कुणी पुसलं नव्हतं. गेटटेक्स्टमध्ये मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची चावी असते. वाक्यात एक अक्षर बदललं की चावी बदलते. नवीन आवृत्तीच्या आधी जुनी भाषांतरं नव्या वाक्यांशी जुळवताना एमएसजीमर्ज ही आज्ञा ‘हे साधारण तेच दिसतंय, पण खात्री करा’ म्हणून त्यावर ‘फझी’ अशी खूण करते. आणि फझी खुणेची भाषांतरं अंतिम फाइलमध्ये घेतली जात नाहीत, वापरकर्त्याला मूळ इंग्रजीच दिसतं. म्हणजे इंग्रजीतलं ‘रिसीव्ह’ शुद्ध झालं आणि त्यापायी आमचं बरोबर असलेलं मराठी वाक्य गायब झालं. मराठीचंच नाही, सगळ्याच भाषांचं.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. एका शीर्षकातलं स्पेलिंग सुधारल्यामुळे त्या भागाचा दुवा बदलला आणि बाहेरच्या लेखांतून येणारी माणसं पानाच्या डोक्यावर उतरू लागली. दुसऱ्या प्रकल्पातून जशीच्या तशी उचललेली एक जावास्क्रिप्ट लायब्ररी होती, तिच्यातल्या टिपाही सुधारल्या होत्या. पुढच्या अद्ययावतीकरणात त्या पुन्हा चुकीच्या होणारच होत्या.

## पर्याय

मेंटेनरांची चर्चा गरम झाली. तीन मतं होती.

एक: सगळा बदल परत फिरवा. गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, ही एका आज्ञेची गोष्ट. पण मधल्या काळात त्याच फायलींवर इतरांचं काम झालं होतं. शिवाय ब्राझिलियन पोर्तुगीजच्या भाषांतरकाराने तोवर बसून आपल्या सगळ्या फझी ओळी नव्या वाक्यांप्रमाणे निकाली काढल्या होत्या. बदल परत फिरवला असता तर चाव्या पुन्हा बदलल्या असत्या आणि त्याच माणसाच्या त्याच ओळी दुसऱ्यांदा फझी झाल्या असत्या. जो सर्वांत तत्पर, त्यालाच शिक्षा.

दोन: आहे तसं राहू द्या, भाषांतरकार हळूहळू पाहतील. हा पर्याय मांडणाऱ्याने स्वतः कधी भाषांतर केलेलं नव्हतं, एवढंच म्हणते.

तीन: पुढे जात दुरुस्त करा. घातक ते आज परत फिरवा, बाकीच्याचा वर्ग लावून निपटारा करा.

याच चर्चेत ‘स्पेलिंगच्या पुल रिक्वेस्ट घेणंच बंद करू’ आणि ‘हे स्पॅम आहे’ असे सूरही निघाले. २०२० चा राग त्यात होता. मी आणि दुसऱ्या मेंटेनरने याला विरोध केला. पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने काम वाचून केलं होतं. कोणता शब्द नुसता वाचायचा आणि कोणत्या शब्दावर एखादं यंत्र टेकलेलं आहे, हे त्याला कळण्याची काही सोय आमच्या नियमावलीत नव्हती. आणि ‘स्पॅम’ हे लेबल सगळ्यांसमोर लागलं असतं तर तो माणूस कायमचा गेला असता.

तिसरा पर्याय ठरला.

## काय केलं

रेफररचे दोन्ही नमुने त्याच दिवशी पूर्ववत झाले आणि वर एक टीप आली: हे स्पेलिंग मानकातलं आहे, सुधारू नका. तक्रार करणाऱ्याला मांडणी कशी बदलायची ते कळवलं. नेमका बदल शोधायला गिटचा इतिहास ‘ही अक्षरं केव्हा नाहीशी झाली’ अशा शोधाने चाळला, त्यामुळे वेळ फारसा गेला नाही.

मग विद्यार्थ्याशी बोलणं. सार्वजनिक चर्चेत तो गप्प झाला होता. मी त्याला वेगळं, मराठीत लिहिलं. उत्तर आलं, “मॅडम, मी तर फक्त स्पेलिंग सुधारलं होतं. एवढं सगळं होईल असं वाटलं नव्हतं. मी आता काय करू?” मी म्हटलं, “मॅडम नको, ताई म्हण. आणि आता हे आपण दोघं मिळून निस्तरू.” पीओ फाइल म्हणजे काय, हे त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. पण एकदा कळल्यावर त्याची पकड माझ्याहून चांगली होती.

आधी बदलांची खरी यादी काढली. गिटला ओळींऐवजी शब्दांतला फरक दाखवायला सांगितलं, काढलेला शब्द आणि घातलेला शब्द अशा जोड्या केल्या आणि पुन्हा पुन्हा आलेल्या एकत्र केल्या. तीनशे ओळींच्या जागी सत्तरच्या आसपास जोड्या उरल्या. तीनशे ओळी कुणी लक्षपूर्वक वाचत नाही. सत्तर जोड्या चहा संपेपर्यंत वाचून होतात, आणि रेफररची जोडी त्यात डोळ्यांत भरत होती. हेच काम पुल रिक्वेस्ट आली त्या दिवशी झालं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

या जोड्यांमध्ये एक मात्र वेगळी निघाली. डॉक्युमेंटेशनमध्ये एक वाक्य होतं, ‘जुनी अहवाल फाइल आता ओव्हरराइट होते’. विद्यार्थ्याने इंग्रजीतलं ‘नाऊ’ बदलून ‘नॉट’ केलं होतं. म्हणजे फाइल ओव्हरराइट होत नाही. फरक एका अक्षराचा, ‘डब्ल्यू’ आणि ‘टी’चा, अर्थ थेट उलटा. आम्ही कोड पाहिला. विद्यार्थी बरोबर होता. मूळ लेखकाचं बोट चुकलं होतं, आणि सगळ्या भाषांतरकारांनी, त्यात मीही, ती चूक इमानेइतबारे आपापल्या भाषेत उतरवली होती. कुठलंही स्पेलिंग तपासणारं साधन हे पकडू शकलं नसतं, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. संपूर्ण पुल रिक्वेस्टमधली सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच, आणि ती ‘टायपो’ या शीर्षकाखाली कुणाच्या नजरेला न पडता गेली होती.

याचा परिणाम पुढच्या निर्णयावर झाला. ‘स्पेलिंगमुळे फझी झालेल्या सगळ्या ओळींची खूण सरसकट काढून टाका’ असा एक सोपा उपाय समोर होता. पो-फॉर-ए या साधनसंचात नेमक्या अशाच प्रसंगासाठी एक आज्ञाही आहे. पण सरसकट केलं असतं तर या वाक्याची उलट्या अर्थाची भाषांतरंही ‘तपासलेली’ म्हणून परत आली असती. शिवाय काही ओळी या प्रकरणाच्या आधीपासून, रास्त कारणाने फझी होत्या.

म्हणून उलट्या बाजूने गेलो. पुल रिक्वेस्टच्या आधीच्या पीओ फायली गिटमधून काढल्या. दोघांनी डोळ्यांखालून घातलेल्या जोड्याच तेवढ्या घेऊन त्या फायलींतल्या फक्त मूळ इंग्रजी ओळींमध्ये तीच दुरुस्ती केली, भाषांतराच्या ओळींना हात न लावता. मग त्या नव्या वाक्यांशी जुळवल्या. चावी आता तंतोतंत जुळत असल्याने फझीचा प्रश्नच आला नाही. आधीपासून फझी असलेल्या तशाच राहिल्या, ‘नॉट’ची जोडी यादीतून वगळल्यामुळे ते वाक्य फझी राहिलं. मधल्या काळात कुणी नवीन भाषांतर केलं असेल तर त्याला प्राधान्य. ही स्क्रिप्ट विद्यार्थ्याने पोलिब ही पायथन लायब्ररी वापरून लिहिली.

‘फक्त मूळ ओळींमध्ये’ ही अट चैनीची नाही. कोडस्पेल अख्ख्या पीओ फाइलवर सोडलं तर ते भाषांतरालाही इंग्रजी समजून सुधारतं. फ्रेंचमध्ये ‘रिसोर्स’ या अर्थाच्या शब्दात दोन ‘एस’ असतात. इंग्रजीच्या नजरेने एक ‘एस’ जास्तीचा. देवनागरी त्यातून वाचते, रोमन लिपीतल्या भाषा वाचत नाहीत.

तुटलेल्या दुव्यासाठी आधी सर्व्हरवर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण घालायचा विचार झाला. तो जमण्यासारखा नव्हता, कारण पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. शेवटी त्या शीर्षकावर जुनं, चुकीचं स्पेलिंग असलेलं लेबल मुद्दाम लावून ठेवलं. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगवरही थोडा वाद झाला. ‘कलर’मध्ये ‘यू’ असणं ही चूक नव्हे, जे आहे ते राहू द्या, इतक्यावर मिटला.

## निष्पत्ती

पुढच्या छोट्या आवृत्तीत मराठी पडदा पूर्ववत झाला. बहुतेक भाषांतरकारांना काही करावं लागलं नाही. पोर्तुगीजवाल्याने मात्र सगळं आधीच हाताने केलं होतं, आणि ‘स्क्रिप्ट येणार आहे, थांबा’ हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा राग योग्य होता. क्षमा मागितली. तो अजून काम करतो, पण आवृत्तीच्या तोंडावर आता काहीही लवकर करत नाही.

तक्रार करणाऱ्या वापरकर्त्याचा मधल्या काळातला डेटा गेला तो गेलाच.

कोडस्पेल आता प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालतं. पण ते फक्त डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरवर चालतं, पीओ फायली, उसन्या लायब्ररी आणि जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी वगळून, आणि चूक नुसती दाखवतं, स्वतः सुधारत नाही. ‘हिस्टोग्राम’ला आम्ही कोडमध्ये ‘हिस्ट’ लिहितो, असे काही शब्द त्याला दुर्लक्ष करायला सांगितले आहेत. नियमावलीत भर पडली: गद्यातली दुरुस्ती, कोडच्या नमुन्यातली दुरुस्ती आणि पडद्यावर दिसणाऱ्या वाक्यातली दुरुस्ती या तीन वेगळ्या पुल रिक्वेस्ट. तिसरी असेल तर सोबत स्क्रिप्ट चालवायची, आणि आवृत्तीच्या आधी वाक्यं गोठवल्यानंतर ती घ्यायची नाही.

विद्यार्थी आणखी दोन-तीन महिने होता. मग परीक्षा, मग कॅम्पस इंटरव्ह्यू. आता दिसत नाही. स्क्रिप्ट वापरात आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

मेंटेनरने सगळ्या फायली वाचायला हव्या होत्या, असं म्हणणं सोपं आहे. तीनशे ओळींत कुणाचीही नजर मरते, म्हणून मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. शब्दांच्या जोड्यांची यादी मागणं हाच व्यवहार्य मार्ग होता, आणि ती यादी पाठवणाऱ्यानेच द्यावी असं सांगता आलं असतं.

भाषांतरकारांना बदल आत घेण्याआधी कळवायला हवं होतं. ही प्रकल्पाची जुनीच खोड. इंग्रजी वाक्य बदलणं हा आपला घरगुती मामला आहे, असं मूळ लेखकांना वाटतं.

आणि पडद्यावरच्या वाक्यांचा निकष आम्ही अजूनही नीट ठरवलेला नाही. एका आवृत्तीसाठी दहा-बारा भाषांची एखादी ओळ इंग्रजीत दिसणार असेल तर फक्त सौंदर्यासाठी स्पेलिंग सुधारावं का? माझं मत ‘थांबावं आणि पुढच्या मोठ्या बदलासोबत करावं’ असं आहे. दोन मेंटेनरांना ते पटत नाही. चुकीचं इंग्रजी पाहून नवीन माणूस प्रकल्पाला कच्चा समजतो, असं ते म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे.

एक धागा अजून लोंबतोच आहे. याच सफाईच्या भरात एका मेंटेनरने खुद्द कमांडच्या एका पर्यायाचं नावही सुधारलं. ‘सेपरेटर’ हा पर्याय कोडमध्ये पहिल्यापासून चुकीच्या स्पेलिंगने होता. लोकांच्या स्क्रिप्टमध्ये तो तसाच असणार, म्हणून जुनं नाव न काढता शुद्ध नाव वेगळा पर्याय म्हणून जोडलं आणि जुनं मदतीच्या पानावरून लपवलं. कागदावर अगदी निर्दोष. पण कमांडचे पर्याय वाचणारं पायथनचं आर्गपार्स पर्यायाची अर्धवट नावंही चालवून घेतं. काही लोक वर्षानुवर्षं नुसती पहिली तीन अक्षरं लिहीत होते. आता त्या तीन अक्षरांशी दोन पर्याय जुळतात, आणि प्रोग्रॅम ‘यातला कोणता?’ असं विचारून थांबतो. यावर दोन तक्रारी आल्या आहेत. शुद्ध नाव काढून टाकावं असं मी सुचवलं आहे; चर्चा चालू आहे.